भाऊ लेफ्ट बॅक खेळायचा

प्रिय ईशान आणि तन्वी,

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. तन्वीने वाचावं आणि ईशानला मोठ्याने वाचून दाखवावं, कारण त्याला जोडाक्षरं अजून अडतात हे मला माहीत आहे. मागच्या रविवारी ईशानने फोनवर सांगितलं की त्याच्या क्लबने त्याला या मोसमानंतर ठेवायचं नाही असं ठरवलंय. परदेशातली चौथ्या पायरीवरची लीग, हजारभर वस्तीची गावं, पावसात वाकून उभे असलेले मूठभर प्रेक्षक, आणि त्यात हा सगळ्यात मागे उभा राहणारा खेळाडू. दिवसा गोदामात काम, संध्याकाळी सराव. "आजी, इतकी वर्षं मी कशासाठी खेळलो तेच मला कळत नाही," असं तो म्हणाला, आणि मग हवापाण्याच्या गोष्टी बोलू लागला. मी फोन ठेवला आणि तेव्हापासून माझ्या भावाची आठवण काही जात नाही. तुमच्या आईला यातलं थोडंच ठाऊक आहे. माझी दृष्टी अधू होत चालली आहे, डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आहे, तेव्हा डोळे चालताहेत तोवर क्रमाने लिहून काढते. यात उपदेश नाही. उपदेश करायचा असता तर तो फोनवरच केला असता.

आम्ही जळगावात राहत होतो आणि आमचं मूळ घर असोद्याला होतं. माझे वडील, म्हणजे आबा, हायस्कुलात इंग्रजी शिकवत. आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला वेळ होती आणि ती आबांनी ठरवलेली होती. कापसाच्या जिनिंग प्रेसचा भोंगा झाला की उठायचं, दुसरा झाला की जेवायला बसायचं. त्या भोंग्यांच्या मधल्या जागेत एक आवाज सतत असायचा: मागच्या भिंतीवर चेंडू आपटण्याचा. धप, मग थोडं थांबून पुन्हा धप. तो माझा मोठा भाऊ. त्याचं नाव यशवंत, पण घरात, गल्लीत आणि पुढे मैदानावरही सगळे त्याला भाऊच म्हणत. भिंतीवर डावा पाय, मग उजवा, मग डोकं. आबा निबंध तपासत असायचे आणि दर चारपाच धपांनंतर आतून विचारायचे, "यशवंत, ती भिंत शेजाऱ्यांचीही आहे, ठाऊक आहे ना?"

आईला तो चेंडू घरात चालत नसे. कातड्याचा चेंडू, आत रबराची पिशवी, शिवणीवर चामड्याची वादी. त्याला भाऊ चरबी चोळायचा आणि तो वास आईच्या नाकाला कुठूनही लागायचा. "तो मेलेल्या ढोराचा गोया माह्या सैपाकघराजवय दिसला तं चुलीत घालीन," असं ती म्हणायची. आईचं बोलणं शेवटपर्यंत असोद्याचंच राहिलं. आबांनी लग्नानंतर ते सुधारायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. तर चेंडू सरपणाच्या खोलीत राहायचा. पण हीच आई भाऊच्या ताटात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीवर लोण्याचा गोळा सगळ्यांपेक्षा मोठा ठेवायची, आणि भरताच्या वांग्यांचे दिवस आले की कपाशीच्या काट्यांवर भाजलेल्या वांग्याचा मधला, बिया नसलेला भाग त्याच्यासाठी बाजूला काढायची. मी तक्रार केली तर म्हणायची, "तू पुस्तकं वाचते. त्याले पयायचं असते."

तो फारसा पळायचा नाही हे मला मैदानावर गेल्यावरच कळलं. पहिल्यांदा आबांबरोबर सामना बघायला गेले तेव्हा मी वैतागले होते. सगळे पुढे धावताहेत आणि आमचा भाऊ मागे, कमरेवर हात ठेवून, जणू एसटीची वाट बघतो आहे. घरी येताना मी विचारलं, "तुला खेळायला देत नाहीत का?" तो इतका हसला की सायकलवरून पडायला आला. मग रात्री जेवताना त्याने वाट्या मांडून मला समजावलं. ही वरणाची वाटी म्हणजे त्यांचा फॉरवर्ड, हे मीठ म्हणजे आपला गोल. वाटी मिठाकडे निघाली की बॅकने ती कुठे जाणार हे आधी ओळखायचं आणि आधीच तिथे जाऊन उभं राहायचं. "मग पळावं लागत नाही, सुमे."

"आणि पेपरात नाव?" आबांनी विचारलं.

"बॅकचं नाव पेपरात आलं, आबा, तर समजायचं काहीतरी वाईट झालं."

"छान. म्हणजे नाव न येण्यासाठी एवढी खटपट," आबा म्हणाले, पण त्यांनी मिठाची वाटी परत जागेवर ठेवली नाही, ती बघत राहिले, हे मला आठवतं.

आता त्या श्रावणाकडे येते. धुळ्याला मोठी स्पर्धा होती आणि जळगावचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता. आधीच्या एका सामन्याला बडोद्याच्या एका कारखान्याचे मॅनेजर आले होते. त्या कारखान्याचा स्वतःचा संघ होता. खेळाडूंना कायमची नोकरी, राहायला खोली, बूटसुद्धा कंपनीचे. त्यांनी भाऊला बाजूला बोलावून सांगितलं की अंतिम सामन्यात तुला आणखी एकदा बघतो, तसाच खेळलास तर गणपतीनंतर बडोद्याला ये. भाऊने हे घरी सांगितलं तेव्हा आबा चष्मा पुसत बसले. भाऊ दोनदा मॅट्रिक नापास झालेला होता. हायस्कुलातल्या मास्तरांच्या मुलाने नापास व्हावं आणि त्याचं काय करावं हे आबांना ठाऊक नसावं, हे आमच्या घरातलं न बोललेलं दुःख होतं. बडोदा हे त्यावरचं उत्तर होतं. आईला बडोदा कुठे आहे ते माहीत नव्हतं, पण आबांचा चेहरा तिने पाहिला होता.

अंतिम सामना मंगळवारी होता, आणि त्याआधीचा रविवार कानबाईचा.

तुम्ही कानबाई पाहिलेली नाही, म्हणून सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या भागात ही देवी बसते. नारळाची देवी, तिला नथ, साडी, डोळे. त्यासाठी सगळे भाऊबंद मूळ घरी जमतात. आम्ही असोद्याला मोठ्या काकांकडे, नानांकडे जायचो. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठी घालून गहू घेतात, पाळण्यातल्या पोराच्याही, आणि त्याच पिठाचे रोट, म्हणजे जाड गोड पोळ्या, होतात. रात्रभर बाया गाणी म्हणतात, सोमवारी सकाळी देवीला नदीवर पोचवतात. पण रोट उरतात, आणि ते पौर्णिमेच्या आत संपवायचे असतात. रोटाचे नियम कडक. आमच्याकडे ते उंबऱ्याबाहेर नेत नसत. भाऊबंदांखेरीज कुणाला देत नसत; सासरी गेलेल्या मुलींनाही नाही. रोट खाऊन हात धुतलेलं पाणीसुद्धा अंगणातल्या खड्ड्यात ओतायचं, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही. आणि ज्याचा त्याचा वाटा ज्याने त्याने संपवायचा.

भाऊने रविवारी नैवेद्याचं जेवण केलं. सोमवारी देवी पोचवून आला आणि त्याला संघाबरोबर धुळ्याला निघायचं होतं, तिथे एका शाळेच्या वऱ्हांड्यात मुक्काम. त्याच्या वाट्याचे रोट टोपलीत तसेच होते. स्पर्धेनंतर सत्कार होता, त्यामुळे तो पौर्णिमेच्या आत परत येईल याची खात्री नव्हती. मी ओसरीवर वेणी घालत होते आणि आई टोपलीपुढे बसून राहिलेली मला दिसत होती. वाटा शिल्लक ठेवणं चुकीचं, उंबऱ्याबाहेर नेणंही चुकीचं. नाना नदीवरून आलेले नव्हते, विचारायला कुणी नव्हतं. शेवटी ती उठली, तिने रोट फडक्यात गुंडाळून डब्यात घातले आणि डबा भाऊच्या पिशवीत खाली, बुटांच्या वर ठेवला. मग काहीतरी सुचून बूट काढून दुसऱ्या पिशवीत घातले.

"तुहा वाटा तुह्याच पोटात जाईन, मंग कुठं का खाईना," ती त्याला म्हणाली. "पन तूच खाय. कोनाले देऊ नको. इकडं पाहा. काय सांगतलं?"

"कुणाला देऊ नको."

"देवीची शपथ."

"आई, बस निघेल," भाऊ म्हणाला आणि तिच्या पाया पडून पळाला. शपथ घेतली नाही, हे आईच्याही लक्षात आलं नाही.

वऱ्हांड्यात काय झालं ते मला पुढे सलीमभाईंनी सांगितलं. सलीमभाई म्हणजे त्या संघाचे गोलकीपर, भाऊचे जन्मभराचे मित्र. संध्याकाळी जेवण आणणारा माणूस आलाच नाही. पावसाने नाल्याला पाणी आलं होतं म्हणे. सगळे उपाशी. भाऊने कोपऱ्यात जाऊन डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. सलीमभाई म्हणाले, "क्या है रे उसमें? सोना है क्या?" भाऊ म्हणाला, "आईने दिलंय. मी एकट्यानेच खायचं असतं." त्यावर सगळा संघ ओरडला, "खा, खा, आम्ही बघतो!" आणि सगळे त्याच्याभोवती मांडी घालून बघत बसले. "दो मिनट भी नहीं टिका तेरा भाई," सलीमभाई सांगायचे. "फॉरवर्ड को रोक लेता था, हमको नहीं रोक सका." भाऊने रोटांचे तुकडे केले आणि सगळ्यांना वाटले. त्याच्या हाती एक कड आली.

मंगळवारी सकाळच्या एसटीने आबा मला घेऊन धुळ्याला गेले. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा आबांनी स्वतःहून भजी घेतली. ही असाधारण गोष्ट होती. मैदान काळ्या मातीचं, सकाळपर्यंतच्या पावसाने भिजलेलं. त्या गर्दीत मी एकटीच मुलगी होते, आबांनी मला छत्रीच्या आड बसवलं. धुळ्याचे प्रेक्षक त्यांच्या संघाला ओरडून सांगत होते की त्या लंब्याकडे बॉल देऊ नका. "भित शे भित! बठ्ठा बॉल आडाई राहिना तो!" आबांना अहिराणी नीट कळत नसे, त्यांनी मला विचारलं, "काय म्हणताहेत?" मी म्हटलं, "भाऊ भिंत आहे म्हणताहेत." आबांनी माझ्यावरची छत्री सावरली. थोड्या वेळाने म्हणाले, "शेजाऱ्यांचीही आहे म्हणावं," आणि स्वतःच हसले. त्यांना इतकं सुखी मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पलीकडे खुर्चीवर पांढऱ्या टोपीतले मॅनेजर बसले होते, आणि आम्ही दोघं सामना कमी आणि त्या टोपीकडेच जास्त बघत होतो.

उत्तरार्ध सुरू झाल्यावर त्यांचा एक बारकासा फॉरवर्ड उजवीकडून सुटला. भाऊ नेहमीसारखा आधीच जाऊन उभा होता. त्या पोराने चेंडू एकाएकी आत वळवला, भाऊही वळला, पण डावा बूट मातीत रुतला होता तो वळला नाही. कुणी त्याला धक्का दिला नाही. फाऊल नव्हता. तो खाली बसला, अगदी सावकाश, जसं माणूस थकून पारावर बसतो. चेंडू मात्र त्याने बसताबसता बाहेर ढकलला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं तो उठेल. आबा उभे राहिले आणि छत्री माझ्या अंगावर पडली.

मॅनेजर सामना संपल्यावर येऊन भेटले. भले गृहस्थ होते. म्हणाले, पाय बरा झाला की कळवा. गुडघ्याच्या आतली दोरी तुटली होती. तेव्हा इथे तिच्यावर इलाज नव्हता. ईशान, तुमच्याकडे आता दुर्बिणीने ती शिवतात आणि पोरं पुढच्या मोसमात खेळतात, हे मी वाचलं आहे. तेव्हा प्लॅस्टर घातलं, शेक दिला, आणि आम्ही वाट बघितली. बडोद्याला कळवण्यासारखं कधी काही झालं नाही.

भाऊ प्लॅस्टरमध्ये घरी आला त्या दिवशी आईने त्याला पाणी दिलं, पिशवी उचलली, डबा काढला, आणि तो रिकामा बघून विचारलं, "तूच खाल्ले ना सगये?" भाऊला खोटं बोलता आलं असतं. पण त्याला वाटलं, ही साधी विचारपूस आहे. "सगळ्यांनी खाल्ले, आई. उपाशी होते." आईने डबा घासायला घेतला. तो ती किती वेळ घासत होती. तिच्या मनात काय शिरलं ते आबांना कळलं आणि त्यांनी शांतपणे, मुद्देसूद, वर्गात सांगावं तसं तिला समजावलं: माती ओली होती, बुटाचे खिळे लांब होते. आई म्हणाली, "व्हय." पुढच्या श्रावणात असोद्याला तिने गहू निवडले, दळले, रोट भाजले, सगळ्यांना वाढले आणि स्वतः एक तुकडा तोंडात घातला नाही. "मी काहाले खाऊ? मीच बाहेर काढले," एवढंच ती काकूला हळू म्हणाली. भाऊ समोरच्या पंगतीत होता. त्याने ऐकलं.

त्यानंतर काही महिन्यांनी त्याने पुन्हा बूट चढवले. तोवर त्याला जिनिंग प्रेसमध्ये कारकुनी मिळाली होती, आणि प्रेसचा एक संघ होता, जिल्हा लीगच्या ब गटात, म्हणजे जिथे कधीकधी अकरा माणसं भरत नसत आणि पंच म्हणून आपल्यातलाच एक द्यावा लागे. पाचोरा, अमळनेर, चाळीसगाव, जिथे सामना असेल तिथे भाऊ जायचा. गुडघ्याला आईची जुनी नऊवारी फाडून केलेली पट्टी. तो जागेवर उभा राहून खेळायचा, आणि जागा त्याला कळत होती म्हणून निभावायचं. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरायचा आणि दारापर्यंत ताठ चालत यायचा. "आई, जिंकलो!" किंवा "आई, हरलो, पण मी बरा खेळलो!" ओट्यावरून मोठ्याने. मग मागच्या खोलीत यायचा, दार लावायचा आणि भिंतीला धरून खाली बसायचा. त्याचा चेहरा तेव्हा मातीसारखा असे. मी गरम पाण्याची पिशवी द्यायची. मी एकदा म्हटलं, "भाऊ, पुरे आता. कोण बघतंय तुला तिथे?"

"तिला दिसतंय ना, पाय बरा आहे ते," तो म्हणाला. "पाय बरा असेल तर काही झालंच नाही. हो की नाही? मग खाईल ती."

आणि आईने खाल्ले. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, असोद्याच्या पंगतीत, भाऊ समोर असताना, तिने रोटाचा तुकडा मोडला आणि खाल्ला. भाऊने माझ्याकडे बघितलं. त्याचा आनंद मला आजही दिसतो. घरी आल्यावर मी आईला म्हटलं, "बरं केलंस. तुझ्या मनातून गेलं ना ते?" ती तूर निवडत होती.

"तुले वाटते मले दिसत नाही?" ती म्हणाली. "तो ओट्यावर चढतो तवा उजवा पाय आंधी टाकतो. पट्टी धुवायले मीच टाकते, तिच्यावर रगत राह्यते. माह्यासाठी खेयते तो. मी खाल्लं म्हंजे तरी बस करीन."

"मग सांग ना त्याला, बस कर म्हणून."

"सांगतलं तं त्याले कयीन, मले समदं माहीत हाये. मंग त्याच्याजवय काय राहीन?"

पण भाऊने बस केलं नाही. आईने खाल्लं यावरून त्याने ताडलं की आपलं खेळणं लागू पडतंय, आणि तो पुढच्या मोसमातही खेळला, त्याच्या पुढच्याही. ती त्याने थांबावं म्हणून दरवर्षी भीत भीत तो तुकडा गिळायची, आणि तो तिने भिऊ नये म्हणून दरवर्षी त्या पायावर उभा राहायचा. माझं लग्न झालं तरी हे चालूच होतं. तुमची आई जन्मली तेव्हाही भाऊ ब गटातच लेफ्ट बॅक होता. केस पिकले होते, सोबतचे खेळाडू त्याला काका म्हणत. त्याच्या संघाने कधी काही जिंकलं नाही.

आई थंडीच्या दिवसांत गेली, न्यूमोनियाने, फार त्रास न होता. पुढच्या पावसाळ्यात प्रेसच्या संघाचा सराव सुरू झाला आणि भाऊ गेला नाही. कुणी त्याला विचारलंही नाही. वय झालं असं सगळ्यांनी धरलं. त्या श्रावणात मी माहेरी आले होते. आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो आणि मी त्याला सांगितलं की आईला सगळं माहीत होतं, पट्टीचं, पायऱ्यांचं, आणि ती रोट का खात होती तेही. तो समोरच्या रस्त्याकडे बघू लागला. केळ्यांनी भरलेला एक ट्रक गल्लीत वळता येईना म्हणून मागेपुढे करत होता, त्याचा क्लीनर ओरडत होता.

"भीत होती का गं खाताना?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "हो."

"आणि मी समोर बसून हसत होतो." मग म्हणाला, "चहा ठेव सुमे. साखर जास्त टाक."

यावर आम्ही परत कधी बोललो नाही. आबा त्याआधीच गेले होते. प्रेस बंद पडली, तिच्या जागेवर आता मंगल कार्यालय आहे. ब गटही राहिला नाही. भाऊच्या खेळाचा एकही फोटो कुणी काढलेला नाही, आणि पेपरात नाव आलं ते एकदाच, धुळ्याच्या सामन्याच्या बातमीत, शेवटच्या ओळीत, तेही चुकीचं छापलेलं.

भाऊ आहे. धुळ्याला देवपुरात मुलाकडे असतो. डावा पाय गुडघ्यात वाकत नाही म्हणून त्याची खुर्ची दाराच्या उजवीकडे, येणाऱ्याजाणाऱ्याला पाय आडवा येणार नाही अशी ठेवलेली असते. स्मरण चांगलं आहे आणि ऐकू सगळं येतं, ईशान, फोनवरसुद्धा.